कार्डाचं बारसं

त्यांचं खरं नाव काय होतं ते आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. सगळे त्यांना मुसन्नासाहेब म्हणायचे. राज्य निजामाचं, कचेरीचा कारभार उर्दूत, आणि हरवलेल्या कागदाच्या जागी जी दुसरी प्रत मिळते तिला कचेरीत मुसन्ना म्हणत. साहेबांची नोकरी त्या मुसन्न्याचीच. कुणाचं रेशनचं कार्ड हरवलं की नवं द्यायचं का नाही, हे ते ठरवायचे. त्यांच्या सहीशिवाय नवं कार्ड मिळत नसे.

लढाईचे दिवस होते. ज्वारी मिळायची ती सरकारी दुकानातून, कार्डावर, मापून. आमचं गाव उमरग्याच्या अलीकडं, निम्मं मराठी बोलणारं, निम्मं कानडी. आमचे हे त्या दुकानात मापाडी होते, म्हणून कुणाच्या घरात काय शिजतंय आणि कुणाच्या घरात काही शिजत नाही, हे मला चुलीपाशी बसून कळायचं. तर काय झालं होतं, गावात कार्डं हरवायची साथच आली होती. जुनं कार्ड घरात लपवायचं, कचेरीत जाऊन रडायचं, नवं आणायचं, आणि दोन्हींवर धान्य उचलायचं. कुणी तर जुनं कार्ड सरळ विकून मोकळं व्हायचं. दुकानातली ज्वारी काही वाढत नव्हती. मग रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या बाया रिकामी पिशवी घेऊन परत जायच्या, आणि शिव्या खायचे आमचे हे.

म्हणून धाराशिवच्या कचेरीनं साहेबांना आमच्या गावी धाडलं. आमच्या माळवदाच्या घरात पुढची खोली रिकामी होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली. आले ते सायकल हातात धरून चालत. नंतर कळलं की ते सायकलवर कधी बसतच नाहीत. गावभर सायकल ढकलत हिंडायचे.

माझ्या सासूबाई कुणाची भीडभाड ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बसायचं न्हाय तर सायकल घेतली कशाला म्हणते मी?"

"अम्मा, वर बसलं की माणसं झपकन मागं जातात," साहेब म्हणाले. "मला त्यांच्याशी बोलायचं असतं."

"मग सायकल इकून टाका."

"नक्को. पिशवी कुठं अडकवू?"

सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, "येडं हाय गं. पन गुणाचं दिसतंय." त्यांनी माणसाची पारख करायला यापेक्षा जास्त वेळ कधी घेतला नाही.

उंच, किडकिडीत, पन्नाशीकडं झुकलेले. काळी शेरवानी उन्हानं तपकिरी झालेली. लग्न केलं नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, आणि शेजारच्या एका मराठी बाईनं आपल्या चार लेकरांत पाचवं म्हणून वाढवलेलं. त्यामुळं बोलणं दख्खनी आणि मराठीची खिचडी, आणि पाळणे मात्र सगळे तोंडपाठ. सकाळी अंघोळ करताना मोठ्यानं पाळणा म्हणायचे. सरकारी अंमलदार मोरीत पाळणा म्हणतोय, हे ऐकून मी पहिल्या दिवशी भाकरी करपवली.

रेशनकार्डाला ते बच्चा म्हणायचे. कुणी घडी घालून आणलं की चिडायचे. "बच्चा हाय तो, कायकू दुमडतो? तुझ्या लेकराला असं दुमडतो का?" मग मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ करायचे, फुंकर मारायचे आणि दोन्ही हातांनी परत द्यायचे. गावातली टगी पोरं मुद्दाम कार्ड चुरगळून न्यायची, नुसती ती बोलणी ऐकायला.

दुपारची कचेरी आटोपली की सायकल ढकलत गल्लीगल्लीनं निघायचे आणि दारात उभं राहून एकच विचारायचे, "बच्चा झोपतो कुठं?" म्हणजे कार्ड ठेवता कुठं. कुणी उतरंडीच्या तळाच्या मडक्यात ठेवायचं, कुणी देव्हाऱ्यात, कुणी आढ्याच्या फटीत. एका म्हातारीनं उशीत घातलं होतं. साहेब सगळं बघायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. सुरुवातीला लोकांना वाटायचं, ह्याला खूळ लागलंय. मलाही वाटायचं. पण ज्याचं कार्ड कुठं झोपतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यानं उद्या येऊन हरवलं म्हणायचं म्हटलं की त्याची जीभ अडखळायची.

तालमीतल्या वस्तादाची नाही अडखळली. तो दणदणीत आवाजात म्हणाला, "साहेब, कार्ड शेळीनं खाल्लं."

साहेब म्हणाले, "कोणती शेळी?"

"आमचीच, कबरी."

"चल, तिची जबानी घेऊ."

अख्खी गल्ली मागं. मी पण पदर सावरत कोपऱ्यापर्यंत गेले, सासूबाई तर सगळ्यांच्या पुढं. साहेबांनी सायकल भिंतीला टेकवली, शेळीसमोर उकिडवे बसले आणि पिशवीतून एक कोरं कार्ड काढून तिच्या तोंडापुढं धरलं. शेळीनं वास घेतला, शिंकली आणि तोंड फिरवलं. साहेबांनी कार्डाला जरा मीठ लावलं. तरी नाही. मग बोरीचा पाला धरला, तो तिनं हातासकट ओढला. साहेब उठले, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बकरी बेगुन्हा हाय." वस्तादाची बायको पदरात तोंड घालून हसत घरात गेली आणि आढ्यातून कार्ड काढून घेऊन आली. पुढं वर्षभर वस्ताद तालमीकडं निघाला की कुणीतरी मागून शेळीसारखं ओरडायचं.

असं चाललं होतं, पण ज्यांचं कार्ड खरंच हरवायचं त्यांचं काय? त्यांना नवं द्यायलाच पाहिजे. आणि दिलं, की जुनं कुणाच्या हाती लागून त्यावर धान्य जायला नको. साहेबांनी आधी दवंडी पिटून पाहिली. अमक्याचं कार्ड हरवलं, ते आता चालणार नाही, सापडेल त्यानं आणून द्यावं. दवंडीवाला घसा फोडून ओरडायचा आणि लोक आपापल्या कामात. संध्याकाळी विचारलं तर कुणाला काही आठवायचं नाही. साहेब ओट्यावर डोकं धरून बसले. "अम्मा, नवं कार्ड जन्माला आलं हे गल्लीला कळावं कसं?"

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग बारसं घाला की."

त्या चेष्टेनं बोलल्या होत्या. साहेबांनी ते मनावर घेतलं. चार दिवसांनी कुंभाराच्या नव्या कार्डाचं बारसं आमच्याच सोप्यात झालं. तुळईला पाळणा टांगला. कार्डाला कुंची घातली. गल्लीतल्या बाया जमल्या त्या निव्वळ गंमत बघायला, आणि मग आल्याच आहोत तर म्हणून पाळणा म्हणायला लागल्या. घुगऱ्यांना हरभरे कुठून आणायचे, तर प्रत्येकीनं घरून मूठ मूठ आणायचे ठरलं. साहेब बायकांत बसायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर अर्धी पाठ करून बसले होते. आता कानात नाव कुणी सांगायचं? नाव तर आत्यानं ठेवायचं असतं, आणि कार्डाला आत्या कुठली?

"तुमीच आत्या," सासूबाई म्हणाल्या. "तुमी जलमाला घातलंय."

साहेबांनी खरंच कुंचीपाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि "बरकत" असं नाव ठेवलं. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. तरण्या बाया कशाला हात लावतील? सासूबाईंनी मात्र दोन्ही मुठी वळून सरकारी शेरवानीवर असे काही दणके घातले की सगळी धूळ उडाली. साहेब खोकत खोकत हसत होते. माणसाला इतकं आनंदानं मार खाताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

आणि काय सांगू, उपाय लागू पडला. दवंडी लोक विसरायचे, घुगऱ्या कुणी विसरलं नाही. कुंभाराचं जुनं कार्ड घेऊन एकजण दुकानात आला, तर रांगेतल्या बायाच म्हणाल्या, "अगं बाई, याचं तर बारसं झालंय, आमी घुगऱ्या खाल्ल्यात." तो गेला पळून. मग साहेबांनी नियमच केला. सही बारशातच, घुगऱ्या वाटून झाल्यावर. ज्यानं घुगऱ्या खाल्ल्या तो साक्षीदार.

कचेरीतून एकदा वरचे साहेब आले आणि त्यांनी विचारलं म्हणे, हे कोणत्या कायद्यात बसतं? आमच्या साहेबांनी त्यांनाही घुगऱ्या दिल्या. पुढं राज्य गेलं, कार्डं बदलली, उर्दू गेली, साहेबांची बदली त्याच्या आधीच बीदरच्या बाजूला झाली होती. जाताना त्यांनी सायकल आमच्या यांना दिली. हे तिच्यावर बसले, तेव्हा कळलं की तिला ब्रेकच नव्हते. म्हणजे सासूबाईंना सांगितलेलं कारण खरं किती आणि खोटं किती, ते साहेबांनाच ठाऊक.

पण साहेब म्हटलं की मला आठवतं ते गंगव्वाच्या कार्डाचं बारसं.

गंगव्वा आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा सोलापूरच्या गिरणीत, पैसे कधी यायचे कधी नाही. पदरात तीन लेकरं आणि आंधळी सासू. ती वाकळा शिवायची. लोकांच्या घरी जाऊन, जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरून, दिवसभर गुडघ्यावर सरकत टाके घालायची. हात असा सरळ की टाक्यांची ओळ बघत बसावं. बोलायची कमी. एके दिवशी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि रडायलाच लागली. कार्ड हरवलं होतं.

साहेबांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "कुठं कुठं शोधलं?"

तिनं सांगायला सुरुवात केली. मडक्यात बघितलं, देवाजवळ बघितलं, सासूच्या अंथरुणात, लेकरांच्या टोपड्यात, चुलीमागं, उकिरड्यावर, ज्या ज्या घरी वाकळ शिवली तिथं तिथं. कार्ड ती कमरेला खोचून हिंडायची, घरी ठेवायचा धीर व्हायचा नाही म्हणून. वाकळ शिवताना वाकलं की टोचायचं, म्हणून काढून बाजूला ठेवायची. कुठं ठेवलं ते आठवेना. साहेब मला नंतर म्हणाले, "वैनी, ज्याचं खोटं हरवतं ना, तो एकच जागा सांगतो. हिनं तर उकिरडा बी सांगितला."

साहेबांनी नवं कार्ड लिहून तयार केलं. सहीची जागा तेवढी कोरी. आणि त्याच संध्याकाळी आमचे हे तोंड पाडून घरी आले. म्हणाले, "गंगव्वाचं कार्ड दुकानी आलं हुतं. कुनाचा तरी गडी घेऊन आला. गर्दी लई हुती, मी ज्वारी मापून दिली आन् मग नाव वाचलं. तवर तो गेला."

साहेब ओट्यावर होते, त्यांनी ऐकलं. कचेरीचा हुकूम सक्त होता. हरवलं म्हणून सांगितलेल्या कार्डावर धान्य गेलं, तर ते विकलं असं धरायचं. नवं कार्ड द्यायचं नाही, आणि त्या घराचं नाव रेशनातून कायमचं काढायचं. म्हणजे गंगव्वाची तीन लेकरं आणि आंधळी म्हातारी, सगळी उपाशी. साहेबांना पटलं होतं की तिनं विकलेलं नाही. पण जुनं कार्ड हाती आल्याशिवाय ते सही करू शकत नव्हते, आणि केली असती तर दुसऱ्या दिवसापासून विकणारे सगळे रांग लावून उभे राहिले असते.

मला राग आला. मी सरळ म्हणाले, "तुमच्या हुकमात लेकरांच्या पोटाचं काही लिहिलंय का?"

"लिहिलं न्हाय," साहेब म्हणाले. "म्हणून तर बारसं घालायचं. वैनी, तुमी आवतण द्या. जिथं जिथं हिची सुई चालली, त्या प्रत्येक घरी. एक बी सोडू नक्को."

हळदीकुंकवाचं ताट घेऊन मी दारोदार गेले. सुताराकडं, तेल्याकडं, पाटलाकडं, अडत्याकडं. अडत्याच्या घरी धान्याची पोती माळवदाला टेकलेली. अडतवाल्या काकूंनी कुंकू लावून घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या कार्डाचं?" मी सांगितलं, "गंगव्वाच्या." काकू म्हणाल्या, "येते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बारशाला सोपा भरून बाया आल्या. गंगव्वा पाळण्यापाशी भिंतीला चिकटून बसली होती, धाकटं लेकरू मांडीवर. सगळ्यांना कळलं होतं की तिच्या जुन्या कार्डावर धान्य गेलंय, आणि कुजबूज चालली होती. कुणी म्हणत होतं विकलं असंल, पोटासाठी माणूस काय करीत नाही. ती ऐकत होती आणि वर बघत नव्हती. साहेब उंबऱ्याबाहेर बसले होते, मांडीवर दौत, हातात टाक. त्यांचं तोंड हसरं नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

पाळण्यात घालायच्या आधी बाळ पाळण्याच्या खालून द्यायचं आणि वरून घ्यायचं असतं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मी एका बाजूला उभी, पलीकडून एकेक बाई येऊन कुंची खालून द्यायची. सुताराची आली, तेल्याची आली, पाटलीणबाई आल्या. मग अडतवाल्या काकू आल्या. त्या पाळण्याखाली वाकल्या आणि जरा थांबल्या. त्यांचा डावा हात पदराखाली गेला, बाहेर आला आणि कुंचीत शिरला. मी बघितलं. मग कुंची माझ्या हातात आली ती अंमळ जाड लागली.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण काकूंनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की मी मुकाट्यानं कुंची वर घेतली आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी कुंची उघडली. आत दोन कार्डं. एक कोरंकरकरीत, दुसरं मळलेलं, कमरेच्या घामानं कडा गेलेलं, आणि त्याच्या कोपऱ्यात वाकळीचा लाल दोरा अडकलेला. कार्ड कुठल्या तरी वाकळीच्या घडीत राहिलं होतं, गंगव्वानं विकलं नव्हतं, हे त्या दोऱ्यानंच सांगितलं. आणि ज्यानं ज्वारी उचलली ते माणूस इथंच बसलंय, हेही सगळ्यांना कळलं. साहेबांनी एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं असतं तर त्यांना चोर सापडला असता. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. खाली मान घालून कार्डाकडंच बघत म्हणाले, "हौ. जुळं हाय की."

आधी सुताराची हसली, मग सगळा सोपा. गंगव्वा हसत होती आणि रडतही होती. साहेबांनी जुनं कार्ड सगळ्यांसमोर फाडलं, मग नव्याच्या कानाशी लागून नाव ठेवलं, गौरव्वा. सासूबाईंनी त्यांच्या पाठीत नेहमीचे बुक्के घातले. मग त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, "जुळं झालंय, तर आईची ओटी बी तशीच भरायला पायजे. एकदा गेलेली ज्वारी लेकरांच्या तोंडची हाय." त्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण म्हातारी होती, तिला सगळं कळायचं.

अडतवाल्या काकू उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्या. बाया घुगऱ्यांच्या पातेल्याभोवती सरकल्या, पण साहेबांनी हात वर केला. "थांबा," एवढंच म्हणाले.

काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर ज्वारीची पाटी होती. अडत्याच्या घरची बाई, जी पाण्याची घागरही कधी स्वतः उचलत नसे, ती भर दुपारी गल्लीतून पाटी डोक्यावर घेऊन आली होती. गडी बरोबर नव्हता. तिनं पाटी उतरवली, गंगव्वाला कुंकू लावलं आणि ओंजळीओंजळीनं तिच्या ओटीत ज्वारी घालायला लागली. पदर भरला, मांडी भरली, ज्वारी जमिनीवर सांडली, लेकरू तीत दोन्ही हात घालून खिदळायला लागलं. तरी काकू घालतच होत्या.

गंगव्वानं त्यांच्याकडं पाहिलं. अडत्याच्या घरी तिनं दोन दिवस बसून वाकळ शिवली होती. तिला तेव्हा कळलं, ते तिच्या तोंडावर दिसलं मला. आता ही काय बोलते, असं मला झालं. ती मांडीवरची ज्वारी सांभाळत पुढं सरकली, पातेल्यातून मूठभर घुगऱ्या घेतल्या आणि सगळ्या बायांच्या आधी काकूंच्या हातावर ठेवल्या.

"खावा, काकू," ती म्हणाली. "लेकराच्या हायेत."

काकूंनी एक दाणा तोंडात घातला. चावून गिळला. साहेब तेवढ्यासाठीच थांबले होते. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि कोऱ्या जागेवर सही केली.

गंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड हातात घेऊन विचारलं, "झालं का, साहेब?"

"झालं," साहेब म्हणाले. "उद्या पिशवी घेऊन दुकानी ये."